आकडे बरोबर, तरी कंट्रोल 'नॉट इफेक्टिव्ह': हे होतं कसं आणि पुढे करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत लिस्टेड असलेल्या कंपनीच्या फायनान्स टीममध्ये तुम्ही आहात, ह्या वर्षी ऑडिटरने फायनान्शियल स्टेटमेंट्सवर क्लीन ओपिनियन दिलं, एकही ॲडजस्टमेंट एंट्री सुचवली नाही, पण इंटर्नल कंट्रोलवर (आकड्यांतली चूक अडवणाऱ्या किंवा पकडणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या तपासण्यांवर) ॲडव्हर्स ओपिनियन दिलं, म्हणजे ते 'नॉट इफेक्टिव्ह' असं लिहिलं, कारण मटेरियल वीकनेस. चूकच सापडली नाही तर वीकनेस कशाचा, मॅनेजमेंटने त्याच रिपोर्टमध्ये डिस्क्लोजर कंट्रोलसुद्धा इफेक्टिव्ह नाहीत असं का लिहिलं, आणि पुढच्या वर्षीपर्यंत हे निघेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं हेच काम करतोय, सुरुवातीची सहा ऑडिट फर्ममध्ये आणि नंतर कंपन्यांच्या बाजूने, आणि वार्षिक रिपोर्ट बाहेर पडला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्याख्या शांतपणे वाचा. मटेरियल वीकनेस म्हणजे कंट्रोलमधली अशी उणीव, किंवा दोन-चार उणिवा मिळून झालेली अशी परिस्थिती, की स्टेटमेंट्समध्ये मोठी चूक शिरली तर ती वेळेत अडवली किंवा पकडली जाणार नाही अशी वाजवी शक्यता राहते. ह्यात चूक 'झाली' असं कुठेच नाहीये, झाली असती तर तुम्हाला कळलं असतं का एवढाच प्रश्न आहे. 2004च्या पहिल्या ऑडिटिंग स्टँडर्डमध्ये ही शक्यता 'मोर दॅन रिमोट' असली तरी पुरायची, 2007मध्ये पीसीएओबीने (लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिटरवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकन संस्थेने) ते बदलून 'रीझनेबल पॉसिबिलिटी', म्हणजे वाजवी शक्यता, केलं, आणि आज तेच स्टँडर्ड एएस 2201 ह्या नावाने चालतं.

मग ऑडिटरने आकडे बरोबर आहेत हे कशावरून ठरवलं? तुमच्या कंट्रोलवर भरवसा ठेवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी सॅम्पल वाढवलं असणार, जास्त इन्व्हॉइस उघडली असणार, वर्ष संपल्यानंतर झालेली पेमेंट्स मागे जाऊन तपासली असणार. म्हणजे आकडे बरोबर असल्याची खात्री त्यांच्या टेस्टिंगमधून आली आणि ऑडिटरचं टेस्टिंग हे कंपनीचं कंट्रोल धरता येत नाही, कधीच नाही. ते उद्या नसले तर तुमच्याकडे काय उरतं, ते बघायचं असतं. म्हणून दोन ओपिनियन दोन दिशांना जाऊ शकतात आणि त्यात काही विसंगती नाही.

आता खरं दुखणं. माझ्या अनुभवात वीकनेसचं मूळ बहुतेक वेळा 'रिव्ह्यू'मध्ये असतं. कंट्रोल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कंट्रोलच्या यादीत, लिहिलेलं असतं 'फायनान्स मॅनेजर दर महिन्याला रिकन्सिलिएशन रिव्ह्यू करून अप्रूव्ह करतो' (रिकन्सिलिएशन म्हणजे दोन ठिकाणचे आकडे जुळवणं) आणि सगळे समजतात की कंट्रोल आहे. एका कंपनीत मी वॉकथ्रूला (कंट्रोल प्रत्यक्षात कसं चालतं ते पायरी-पायरीने बघायला) बसलो होतो, समोर मॅनेजर, अगदी प्रामाणिक आणि कष्टाळू माणूस, सिस्टिममध्ये अकरा रिकन्सिलिएशन अप्रूव्ह झालेली दिसत होती आणि त्यांचे टाइमस्टॅम्प होते संध्याकाळी 6 वाजून 42 मिनिटांपासून 6 वाजून 51 मिनिटांपर्यंत. नऊ मिनिटांत अकरा फायली, त्यातल्या एका फाइलमध्ये चारशेच्या वर ओळी. मी विचारलं की ह्यातलं तुम्ही नेमकं काय बघता, तर ते म्हणाले बॅलन्स जुळतो का बघतो. बरं, जुळत नसेल तर? म्हणाले तसं होत नाही, टीम जुळवूनच पाठवते. मग मी विचारलं की गेल्या सहा महिन्यांत एखादी फाइल परत पाठवलीत का, एखादा प्रश्न मेलवर विचारलात का, तर नाही. त्या क्षणी त्या माणसाचा चेहरा उतरला आणि मलाही वाईट वाटलं, कारण क्लोजच्या, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करण्याच्या, चौथ्या दिवशी त्यांच्यावर इतकी कामं होती की दुसरं काही शक्यच नव्हतं. दोष डिझाइनचा होता. रिव्ह्यू म्हणजे काय, किती रकमेपर्यंतचा फरक चालेल, त्यावर गेला तर काय करायचं, किती जुना ओपन आयटम म्हणजे प्रश्न विचारायलाच हवा, हे कुणी कधी लिहिलंच नव्हतं आणि त्याला वेळही दिला नव्हता.

ऑडिटर ह्यावर इतका जोर का देतात ते पण समजून घ्या, नाहीतर ते मुद्दाम छळतात असं वाटत राहतं. पीसीएओबीने ऑक्टोबर 2013मध्ये स्टाफ प्रॅक्टिस अलर्ट नंबर 11 काढला, त्यात ऑडिट फर्म मॅनेजमेंट रिव्ह्यू कंट्रोल नीट तपासत नाहीत, सही बघून पुढे जातात, हा एक मोठा मुद्दा होता. तेव्हापासून फर्मवाले स्वतःच्या इन्स्पेक्शनला घाबरून असतात आणि तुम्हाला विचारतात की सही दिसतेय पण बघितलं काय त्याचा पुरावा द्या.

ह्याचं जुळं भावंड म्हणजे रिव्ह्यू ज्या रिपोर्टवर होतो तो रिपोर्ट. माल आलाय पण बिल आलेलं नाही अशा खरेदीची प्रोव्हिजन करायला एक कंपनी सिस्टिममधून लिस्ट काढायची, एक्सेलमध्ये टाकायची, मॅनेजर खरंच मन लावून ओळन् ओळ बघायचा. पण वर्षाच्या मधे एक नवीन प्लँट सुरू झाला होता आणि रिपोर्टच्या सेव्ह केलेल्या व्हेरिएंटमध्ये (आधीच भरून ठेवलेल्या निवडींमध्ये) त्याचा कोड कुणी टाकलाच नव्हता. जे लिस्टमध्ये आहे ते सगळं बरोबर होतं. जे लिस्टमध्ये नाही ते कुणाला दिसणार? सुदैवाने त्या प्लँटची खरेदी त्या वर्षी किरकोळ होती, रक्कम मटेरियल (स्टेटमेंट वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल इतकी मोठी) नव्हती, म्हणून तिथेही सगळे म्हणाले की झालं काय मग, सोडून द्या. पण उणिवेचं मोजमाप झालेल्या चुकीवरून होत नाही, त्या भोकातून किती मोठी रक्कम जाऊ शकली असती त्यावरून होतं, आणि पुढच्या वर्षी तो प्लँट पूर्ण क्षमतेने चालणार होता. पूर्ण आणि अचूक डेटा आहे हे दाखवायला रिपोर्ट काढतानाचा पॅरामीटर स्क्रीनचा स्क्रीनशॉट, एकूण ओळी, आणि जनरल लेजरच्या (मुख्य खातेवहीच्या) बेरजेशी टाय-आउट, म्हणजे ताळा, एवढं रिकन्सिलिएशनला जोडलं तरी अर्धा प्रश्न सुटतो.

'आमच्याकडे वरच्या पातळीवर बजेट विरुद्ध ॲक्च्युअल रिव्ह्यू आहे, त्यात सापडलं असतं' हा बचाव तुमच्याही मीटिंगमध्ये झाला असेल. कॉम्पेन्सेटिंग कंट्रोल, म्हणजे एका कंट्रोलची उणीव भरून काढणारं दुसरं कंट्रोल, ही कल्पना बरोबर आहे, पण त्याची धार पुरेशी आहे का हे आकड्यात दाखवावं लागतं. समजा ऑडिटची मटेरियॅलिटी (जिच्यावरची चूक मोठी धरतात ती रक्कम) 40 लाख डॉलर आहे आणि एका खर्चाच्या हेडमध्ये वर्षाला 6 कोटी डॉलर जातात, आणि तुमचा नियम असा की 10 टक्क्यांवर फरक असेल तरच कारण विचारायचं. म्हणजे 60 लाखांपर्यंतचा फरक कुणी विचारणारच नाही, 50 लाखांची चूक आरामात निघून जाईल, आणि ती मटेरियॅलिटीच्या वर आहे. बजेट करतानाच चूक गृहीत धरलेली असेल तर मग फरक दिसणारही नाही. तुमच्या कंपनीचे आकडे घेऊन हे एकदा करून बघा, पाच मिनिटांत कळेल की बचाव टिकतो की नाही. आणि मटेरियॅलिटी म्हणजे फक्त 5 टक्के असं धरून बसू नका, एसईसीच्या (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या) 1999च्या स्टाफ अकाउंटिंग बुलेटिन 99मध्ये स्पष्ट आहे की छोटी रक्कमही मटेरियल असू शकते, म्हणजे उदाहरणार्थ तिच्यामुळे तोट्याचा नफा होत असेल किंवा कर्जाच्या अटी पाळल्यासारखं दिसत असेल.

आयटीबद्दल फार लांबवत नाही. डेव्हलपरला प्रॉडक्शनमध्ये ॲक्सेस, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा युजर आयडी चालू, एकच माणूस जर्नल एंट्री टाकतो आणि तोच पोस्ट करतो, ह्या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सापडतात. आयटी जनरल कंट्रोलची (सिस्टिममधला ॲक्सेस आणि बदल सांभाळणाऱ्या कंट्रोलची) उणीव एकटी थेट स्टेटमेंट चुकवत नाही, पण त्यावर उभे असलेले ऑटोमॅटिक कंट्रोल आणि सिस्टिम रिपोर्ट सगळे संशयात येतात, त्यामुळे एक उणीव बघता बघता वीस कंट्रोलना लागते. त्यातही मॅन्युअल जर्नल एंट्री मी कधीच हलक्यात घेत नाही. वर्ल्डकॉम ह्या अमेरिकन टेलिकॉम कंपनीमध्ये टेलिफोन लाइनचा चालू खर्च जर्नल एंट्री मारून भांडवली खर्चात ढकलला होता, कंपनीच्याच इंटर्नल ऑडिट टीमने तो शोधला, आणि जून 2002मध्ये जाहीर झालेला पहिला आकडा 3.8 अब्ज डॉलरचा होता. त्या एंट्रींना आधार म्हणून दाखवायला कागद नव्हते. पुढच्या महिन्यात, 30 जुलै 2002ला, सार्बेन्स-ऑक्सली कायद्यावर सही झाली आणि आपण आज जे सगळं करतोय ते तिथून आलं.

आता दुसरा प्रश्न, डिस्क्लोजर कंट्रोल. हे दोन्ही एकच असं समजून बरीच मंडळी एकाच फाइलमध्ये उरकतात. आर्थिक रिपोर्टिंगवरचं कंट्रोल म्हणजे आकडे आणि त्यांच्या नोट्स अकाउंटिंगच्या नियमांप्रमाणे विश्वासार्ह असणं, व्यवहार योग्य मंजुरीने होणं, मालमत्तेची अफरातफर वेळेत कळणं. डिस्क्लोजर कंट्रोलचा आवाका त्याहून मोठा, एसईसीला द्यायच्या रिपोर्टमध्ये जी जी माहिती लागते, आकड्यांची असो की नसो, ती नोंदवली जाते का, मुदतीत जाते का, आणि मुख्य म्हणजे ती गोळा होऊन सीईओ-सीएफओपर्यंत अशा वेळी पोचते का की त्यांना जाहीर करायचं की नाही ते ठरवता येईल. पहिल्याचं मूल्यमापन वर्षअखेरच्या तारखेला, दुसऱ्याचं दर तिमाहीला. आणि स्टेटमेंट्स स्वतःच त्या रिपोर्टचा भाग असल्यामुळे पहिल्यात मटेरियल वीकनेस असेल तर दुसरं इफेक्टिव्ह आहे असं म्हणणं जवळपास अशक्य होतं, तुमच्या मॅनेजमेंटने जे लिहिलं ते बरोबरच लिहिलंय. एक जरी मटेरियल वीकनेस असेल तरी कंट्रोल इफेक्टिव्ह आहेत असं म्हणता येत नाही, 'हे एवढं सोडून बाकी इफेक्टिव्ह' अशी पळवाटही चालत नाही.

उलटं मात्र होऊ शकतं, आकड्यांचे कंट्रोल ठीक आणि डिस्क्लोजर कंट्रोल फेल. ह्याचं माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण फर्स्ट अमेरिकन फायनान्शियलचं आहे, जून 2021मधली एसईसीची ऑर्डर. मालमत्तेच्या व्यवहारांशी संबंधित त्यांच्या एका ॲप्लिकेशनमधून 80 कोटींहून जास्त कागदपत्रांच्या इमेज उघड्या पडल्या होत्या. मे 2019मध्ये एका पत्रकाराने कळवलं, कंपनीने निवेदन दिलं, एसईसीला रिपोर्टही दिला. पण कंपनीच्याच सिक्युरिटीच्या लोकांना ती त्रुटी जानेवारीतच सापडली होती आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त झाली नव्हती, आणि निवेदनावर निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांना ही गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. दंड 4,87,616 डॉलर. बघा, इथे लेजरमधला एक पैसाही चुकला नव्हता. माहिती इमारतीत होती, ज्याला लागत होती त्याच्यापर्यंत गेली नाही एवढंच. आणि आता तर डिसेंबर 2023पासून सायबर घटना मटेरियल आहे असं ठरल्यापासून चार कामकाजाच्या दिवसांत ती फॉर्म 8-केमध्ये (महत्त्वाच्या घटना एसईसीला कळवायच्या रिपोर्टमध्ये) जाहीर करावी लागते, म्हणजे सिक्युरिटी टीम आणि लीगल यांच्यातला रस्ता आधीच बांधून ठेवलेला नसेल तर त्या चार दिवसांत तो बांधता येत नाही.

फायनान्सवाल्यांच्या जास्त जवळचं उदाहरण साइड लेटरचं, म्हणजे कॉन्ट्रॅक्टबाहेर दिलेल्या लेखी कबुलीचं. सेल्सचा माणूस तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात ग्राहकाला मेल करतो, माल घ्या, नाही खपला तर परत घेऊ. कॉन्ट्रॅक्टमध्ये ते नसतं, रेव्हेन्यू टीमला ते दिसत नाही, आणि रेव्हेन्यू पूर्ण बुक होतो. ह्याला उपाय म्हणजे सब-सर्टिफिकेशन, दर तिमाहीला सेल्सच्या प्रमुखांनी लेखी द्यायचं की कॉन्ट्रॅक्टबाहेर काही कबूल केलेलं नाही. पण तेसुद्धा नुसतं 'आय कन्फर्म'वर क्लिक करायला दिलंत तर परत नऊ मिनिटांत अकरा फायलींसारखंच होतं. मी प्रश्नावलीत मोकळे प्रश्न ठेवतो: ह्या तिमाहीत नेहमीपेक्षा वेगळ्या अटीवर गेलेला सर्वात मोठा सौदा कोणता, कुठल्या ग्राहकाने पैसे अडवलेत आणि का. उत्तर लिहावं लागलं की माणूस विचार करतो.

सह्या ज्यांच्या असतात त्यांच्यासाठी हे किती गंभीर आहे तेही टीमला माहीत हवं. सार्बेन्स-ऑक्सलीच्या कलम 302खाली सीईओ आणि सीएफओ दर तिमाहीला सही करून सांगतात की सगळ्या सिग्निफिकंट डेफिशियन्सी (मटेरियल वीकनेसपेक्षा कमी गंभीर, तरी लक्ष द्यावं लागेल अशा उणिवा) आणि मटेरियल वीकनेस ऑडिटरला आणि ऑडिट कमिटीला कळवलेत, आणि कंट्रोलमध्ये महत्त्वाची भूमिका असलेल्या माणसाने केलेली कुठलीही लबाडी, रक्कम कितीही लहान असो, तीही कळवलीय. त्याच कायद्याच्या कलम 906खाली खोटं माहीत असून सर्टिफिकेट दिलं तर 10 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाख डॉलरपर्यंत दंड, मुद्दाम, हेतुपुरस्सर ('विलफुली') दिलं तर 20 वर्षांपर्यंत आणि 50 लाखांपर्यंत. तुमच्या फाइलवरची तुमची सही शेवटी त्या सहीखाली जाऊन बसते.

तिसरा प्रश्न, पुढच्या वर्षी निघेल का. निघेल, पण तारखेचं गणित आत्ताच मांडा. मूल्यमापन वर्षअखेरच्या 'त्या दिवशी' असतं, त्यामुळे मार्चमध्ये वीकनेस असला आणि डिसेंबरपर्यंत सुधारला तर वर्षाचा निष्कर्ष इफेक्टिव्ह येऊ शकतो. अट ही की नवीन कंट्रोल पुरेसे वेळा चालून टेस्ट झालेलं पाहिजे. व्यवहारात तिमाही कंट्रोलची 2 सॅम्पल लागतात, मासिकची 2 ते 5, रोजच्याची 20 ते 40. डिसेंबर इयर-एंड असेल तर मासिक रिव्ह्यू ऑक्टोबरमध्ये सुरू करून चालणार नाही, कारण पहिल्या महिन्यात काहीतरी चुकतंच आणि मग मोजणी परत पहिल्यापासून. वर्षअखेरच्या क्लोजचे कंट्रोल मात्र तारखेनंतर चालतात आणि तेव्हाच टेस्ट होतात, ते चालतं.

रेमेडिएशन (वीकनेस दुरुस्तीच्या) प्लॅनमध्ये 'अनुभवी माणसं घेतली, ट्रेनिंग दिलं' एवढंच लिहून थांबणाऱ्या कंपन्या खूप बघितल्यात. माणसं हवीतच, पण त्या माणसाने सोमवारी सकाळी कुठला रिपोर्ट उघडून काय तपासायचं हे बदललं नसेल तर काही बदलत नाही. आणि वर्षानुवर्षं 'वीकनेस आहे, काम चालू आहे' असं जाहीर करत राहणं हीसुद्धा सुटका नाही, जानेवारी 2019मध्ये एसईसीने अशा चार कंपन्यांवर कारवाई केली, त्यांनी सलग 7 ते 10 वर्षं मटेरियल वीकनेस जाहीर केले होते आणि सुधारले नव्हते. जाहीर करणं हे एक बंधन आणि कंट्रोल ठेवणं हे वेगळं बंधन, एकाने दुसरं फिटत नाही.

माझा सल्ला, सगळं एकदम हातात घेऊ नका. ज्या खात्यांमुळे ॲडव्हर्स ओपिनियन आलं तेवढीच घ्या, प्रत्येकासाठी एकाच पानावर लिहा की इथे कुठली चूक होऊ शकते, ती कोण पकडणार, कशावरून, किती रकमेच्या वर, आणि पकडली तर त्याची खूण कुठे राहणार. रिव्ह्यू करणाऱ्याला फाइल्स कमी करा, क्लोज कॅलेंडरमध्ये त्याच्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा, आणि परत पाठवलेल्या फाइल्स, विचारलेले प्रश्न, त्यांची उत्तरं हे सगळं जपून ठेवा. लोक परत पाठवलेली फाइल लपवतात, टीमची चूक दिसेल म्हणून, खरंतर रिव्ह्यू चालतोय ह्याचा त्याहून चांगला पुरावा नाही. हे पान ऑडिटरला मे महिन्यातच दाखवा, डिझाइन पटतंय का विचारा, लेखी घ्या, कारण सप्टेंबरमध्ये टेस्टिंगला बसल्यावर त्यांनी थ्रेशोल्ड (ज्यावरचा फरक तपासायचा ती रक्कम) मोठा आहे म्हटलं तर तुमचे चार महिने जातात. मे ते ऑगस्ट टीमनेच स्वतः टेस्ट करा, जुलैमध्ये काही फेल झालं तरी हरकत नाही, दुरुस्त करून ऑगस्टपासून परत मोजायला वेळ असतो. आणि हो, ह्या बदलांमुळे कुठल्या तिमाहीत कंट्रोलमध्ये मटेरियल बदल झाला तर तो त्याच तिमाहीच्या रिपोर्टमध्ये लिहावा लागतो, हे लीगलला आजच सांगून ठेवा, दरवेळी हेच राहून जातं.